गाण्यात पाठ दुखत नाही

१२ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

फोन केला की तुझा मदतनीस सांगतो, साहेब रेकॉर्डिंगला गेलेत. म्हणून कागद घेऊन बसले. कागदाला असं काही सांगून परत पाठवता येत नाही.

आईला इस्पितळातून घरी आणून आठवडा झाला. उजवा हात आणि उजवा पाय अजून लुळाच आहे. डॉक्टर म्हणाले, तिला सगळं कळतं, माणसं ओळखू येतात, फक्त मेंदूतली बोलण्याची जागा गेली. गाण्याची जागा निराळी असते म्हणे, ती शाबूत आहे. मला वाटलं, धीर द्यायला काहीतरी सांगतायत. पण खरंच तसं आहे. बोलायला गेली की नुसतं अं-अं होतं, घामाघूम होते. आणि गाऊ लागली की शब्द कसे स्वच्छ, रेडिओवर लागायची तेव्हासारखे.

त्यामुळे सध्या आपल्या घरात असं चाललंय, की आईला जे काही हवं असेल ते तिच्या जुन्या भावगीतांत असलं तरच मागता येतं. पंखा म्हणजे ‘वारा’. दिवा म्हणजे ‘चांदणं’. चष्म्याला ‘पापणी’ म्हणते. मी अर्थातच ‘सखी’. तपासायला आलेल्या डॉक्टरांचा हात धरून तिनं ‘साजणा’ म्हटलं, बिचारे कानापर्यंत लाल झाले. बेडपॅनला ‘होडी’. परवा तिनं ‘पैलतीर, पैलतीर’ असं लावून धरलं, तर दिवसा येणाऱ्या बाई घाबरून रडायलाच लागल्या. तिला फक्त मोरीत जायचं होतं.

मी हसले रे, पोट धरून हसले. मग भांडी घासताना एकदम वाटलं, आई घरात कधी असं बोलली होती का? रेडिओवर विरह गायची आणि घरी येऊन मला म्हणायची, चोंबडे, हे खरकटं कोण काढणार, तुझा सासरा? त्यातलं काही म्हणता काही उरलं नाही. ठेवणीतले कपडे तेवढे राहिले आणि रोजचे वाहून गेले.

दुकानातून मला फार दिवस सुट्टी मिळणार नाही. औषधांच्या खिडकीवर माझ्याशिवाय एकच माणूस आहे आणि त्याला डॉक्टरांचं अक्षर लागत नाही. एकदा येऊन जा. तुला पाहून तिच्या तोंडून एखादा साधा शब्द फुटेलही.

लोभ असू दे, आणि या खेपेला उत्तरही असू दे.

तुझी,
ताई

२३ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवसापासून खिशात घेऊन फिरतोय. डॉक्टरसाहेबांचं वाचून मीही हसलो आणि पुढच्याच ओळीला डोळे भरून आले. आई आजारपणातसुद्धा बेसूर होत नाही, हे तिलाच जमावं!

येण्याचं मनात फार आहे. पण नव्या गाण्यांच्या तारखा लागल्यात, स्टुडिओ माझ्यासाठी थांबत नाही. तुला बाहेरून वाटत असेल, हा बसल्या बसल्या गाणी लिहितो. आमच्याकडे चाल आधी येते. संगीतकार पेटीवर ला-ला-ला करून दाखवतो आणि म्हणतो, हं, आता यात शब्द घाला. तयार शवपेटीच्या मापानं मेलेल्या माणसाचे पाय दुमडावेत, तसे मी शब्द दुमडतो. चंद्र झाला, चांदणी झाली, काळजाचं पाणीही करून झालं. आता सगळं चावून चोथा झालंय. वर्षभरात एक ओळ मनासारखी उतरलेली नाही, हे तुझ्याशिवाय कुणापाशी बोललेलो नाही.

आणि तिकडे तू घरबसल्या रोज कविता ऐकतेस! होडी काय, पैलतीर काय! नशीबवान आहेस बघ. माझं एक काम कर. ती कशाला काय म्हणते ते जमेल तसं मला कळवत जा. आईचा आवाज कानात राहील, तेवढाच मला आधार.

तुझी चिडचिड मला इथवर ऐकू येतेय. थोडी माझ्यासाठीही शिल्लक ठेव, आल्यावर समोरासमोर ऐकेन.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

१५ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला शब्द हवे होते ना, तर हा घे. काळीज.

दोन आठवडे आई सारखी ‘काळीज, काळीज’ करत होती. डोळ्यांत पाणी. मी रोज औषधं विकणारी बाई, मला वाटलं छातीत दुखतंय. डॉक्टरांना बोलावलं, ईसीजीची पट्टी काढून घेतली, हृदयाच्या गोळ्या सुरू केल्या, मीच दुकानातून आणल्या. काही फरक नाही. शेवटी चादर बदलताना डॉक्टरांनी पाठवलेल्या नर्सबाईंनी तिला पूर्ण पालथी केली, तेव्हा दिसलं. कमरेच्या खाली, माकडहाडावर, कातडी जाऊन आतलं मांस दिसत होतं. पडून पडून झालेली जखम. तिचं काळीज ते होतं.

मी तिच्यापाशी बसून विचार केला, तिनं दुसरं म्हणायचं तरी काय होतं? गाण्यात कुणाची पाठ दुखत नाही. कुणाला खाज सुटत नाही, कफ होत नाही, चादरीची सुरकुती टोचत नाही. ढुंगण तर गाण्यातल्या बायकांना नसतंच. सगळ्यांना मिळून एक काळीज दिलंय, जे दुखेल ते तिथेच दुखायचं. इतकी वर्षं ती ही गाणी म्हणत आली आणि आता गरज पडली तेव्हा त्यांत तिच्या अंगाला लागेल असं काही निघालं नाही. मी घंटी दिली होती. तीसुद्धा आई तालात वाजवते.

एक शब्द मात्र नशिबानं सापडलाय. तिच्या एका जुन्या गाण्यात ‘वळव ना रे वाट’ अशी ओळ होती, कुणी प्रवाशाला परत बोलावतंय. ती ओळ ती आता हळू म्हणते आणि थांबून माझ्याकडे बघते. म्हणजे, मला कुशीवर वळव. मी वळवते आणि तिचा चेहरा सैल पडतो. दिवसातून कितीदा तरी. बाईंनाही शिकवून ठेवलंय. ठराविक वेळेला तर आम्ही वळवतोच, पण मध्येच तिला टोचायला लागलं तर सांगायला आता तिच्यापाशी हे एवढं आहे. जखम भरायला लागली आहे.

कविता ऐकायला ये. तुझी वाट पाहतोय म्हणत नाही, तो शब्दही आता नकोसा झालाय.

ताई

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानंतर मला काही दिवस जेवण गेलं नाही. काय लिहावं ते कळेना, म्हणून उशीर. रागावू नकोस.

सोबत कॅसेट पाठवतोय. पहिलंच गाणं ऐक. ‘वळव ना रे वाट साजणा, वळव ना.’ तुझं पत्र समोर ठेवून एका बैठकीत लिहिलं. या खेपेला चाल आधी नव्हती. संगीतकाराला मी म्हणालो, आज शब्द आधी, तुझी पेटी मागून. त्यालाही ते भिडलं. गाणारी मुलगी दुसऱ्या कडव्याला रडली, तो टेक आम्ही तसाच ठेवला.

तुला विचारायला हवं होतं, हे कबूल. पण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, आणि ते गाणं झालं नसतं. जुनं गाणं कुणाला आठवतही नाही आता. आईची ती ओळ त्या खोलीत चार भिंतींत राहिली असती, ती आता घरोघरी जाईल. मला तिच्यासाठी दुसरं काय करता येतं? तू औषधपाणी करतेस, मला एवढंच येतं.

तिला ऐकव. ऐकताना तिचा चेहरा कसा होतो ते मला लिही.

रागातही ओलावा ठेव.

तुझा,
धाकटा

१९ ऑक्टोबर

चि. थोरलीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद.

माझे गुडघे सोडले तर इकडे सर्व ठीक. पत्र मुद्दाम लिहिते आहे, कारण आनंद पोटात मावत नाही. अगं, आपल्या धाकट्याचं गाणं! आमच्या इमारतीत सकाळी उठल्यापासून तेच. खालचा शिंपी मशीनवर तेच गुणगुणतो, पोरी शाळेला जाताना तेच म्हणतात. मी जिन्यात सगळ्यांना सांगितलं, माझ्या भाच्याचं आहे आणि माझ्या बहिणीवरून सुचलंय. एकीनं तर माझ्या पाया पडून घेतलं, मी पण पडू दिलं.

मासिकात त्याची मुलाखत आली, ती वाचलीस ना? किती हळवं बोललाय तो आईबद्दल. आजारी आईच्या ओठांवरची ओळ मी फक्त उचलली, असं म्हणालाय. आम्ही सगळ्या डोळे पुसत होतो. तो म्हणतो, तू त्याला दीड महिना उत्तर दिलं नाहीस. थोरले, तुला बोलते म्हणून राग मानू नकोस. आई गाणारी, मुलगा लिहिणारा, तूच मेली कोरडी निपजलीस. कुणाचं कौतुक करायला पैसे पडत नाहीत.

तुझ्या आईला म्हणावं, तिची ओळ आता सगळ्यांच्या तोंडी आहे. तिला केवढं समाधान वाटत असेल!

मावशीला विसरू नये, आणि विसरलीस तर मी विसरू देणार नाही.

तुझी,
मावशी

६ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

तू विचारलं होतंस, गाणं ऐकताना आईचा चेहरा कसा झाला. कॅसेट मी लावली नाही. पण लावायची गरजच पडली नाही. समोरच्या पानवाल्याच्या दुकानात ते लागतं, शेजारी लागतं, खिडकी बंद केली तरी लागतं. मी औषधांच्या खिडकीत बसते तर पलीकडे रांगेत उभा असलेला माणूस, घरी कुणी मरायला टेकलेलं असेल त्याच्या, तोही तेच गुणगुणत असतो.

आता काय झालंय ते नीट वाच. पूर्वी आई ती ओळ जुन्या संथ चालीत म्हणायची आणि थांबायची. मला कळायचं. आता ती ‘वळव ना’ म्हणायला तोंड उघडते आणि तुझी नवी चाल तिला धरते. मग थांबताच येत नाही. मुखडा, पहिलं कडवं, परत मुखडा, दुसरं कडवं, सगळं गाऊन संपेपर्यंत ती त्यातून सुटत नाही. डोळे माझ्याकडे लागलेले असतात आणि तोंड तुझं गाणं गात असतं. डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, असं होतं, पाठ झालेलं गाणं एकदा सुरू झालं की पुढेच जातं, तिच्या हातात काही नाही. बरं, बाहेर गाणं लागलं की ती उगीचही त्याच्यासोबत गाते. त्यामुळे कधी ती वळव म्हणतेय आणि कधी नुसती गातेय, हे मला ओळखू येत नाही. तिला एकच शब्द उरला होता, तोही आता नाही.

गेल्या आठवड्यात मी कामावरून घरी आले तर बाई उशाशी बसून तिच्याबरोबर गात होत्या. खुशीत होत्या. म्हणाल्या, आज आजींचा आवाज काय लागलाय, दुपारपासून थांबतच नाहीत. मी चादर उचलली. भरत आलेली जखम पुन्हा उघडली होती, गादीला रक्त लागलं होतं. बाईंवर मी ओरडले नाही. त्यांनी काय करायचं? सगळं जग ते ऐकून खूश होतंय.

तू उत्तराची वाट पाहत होतास म्हणे. मावशीनं कळवलं. उत्तर हेच आहे. गाणं परत घेता येत नाही, मला माहीत आहे. पण तू ये. एकटा ये आणि तिच्यापाशी चार दिवस बस. तिला वळवायला आता दोन माणसं लागतात, मी एकटी पडते.

ताई

२१ डिसेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

त्या दिवशी निरोपही न घेता निघालो, म्हणून हे पत्र.

तू एकटा ये म्हणाली होतीस आणि मी रेडिओवाल्या दोघांना घेऊन आलो, ही माझी चूक. पण मला खरंच वाटलं होतं की तुला बरं वाटेल. इतक्या वर्षांनी आईचा आवाज पुन्हा रेडिओवर! तिला उशांना टेकवून बसवलं तेव्हा ती किती सुरेख दिसत होती. तिनं पहिल्या ‘वळव ना’ला माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. मी ती नजर जन्मात विसरणार नाही.

तू मागून म्हणालीस, की ती जखमेवर बसलीय, तिला आधी वळव. मी ऐकलं नाही असं नाही. मी फक्त ओठांवर बोट ठेवलं. मशीन चालू होतं, ताई. कडवं अर्ध्यावर होतं, संपलं की वळवणारच होतो. तेवढ्यात तू भिंतीतली तार उपटलीस आणि त्या परक्या माणसांसमोर मला जे बोललीस, ते आईही कधी बोलली नव्हती.

असो. कार्यक्रम गेल्या रविवारी लागला. जेवढं रेकॉर्ड झालं होतं तेवढं त्यांनी फार छान जोडलं, तुझा आवाज कापून टाकला, काळजी करू नकोस. खूप पत्रं येतायत. लोक लिहितात, अशी आई सगळ्यांना मिळो.

मी वाईट मुलगा नाही. मला तिच्या खोलीत बसवत नाही, हे खरं आहे. तो वास आणि तिचं ते बघणं मला सोसत नाही. मला ते दुरूनच सोसतं. तुझ्यासारखं सगळ्यांना जमत नाही.

कधीतरी माझ्या बाजूनेही पाहा, एवढंच मागणं.

तुझा,
धाकटा

२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आईला जाऊन पंधरवडा झाला. तुझी तार मिळाली तशी मिळेल ती गाडी धरली, तरी पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तू थांबली नाहीस, तेही बरोबरच. त्या दोन दिवसांत आपण धड बोललो नाही. घरात माणसं होती आणि तू सारखी भांडी घासत होतीस.

एक विचारायचं राहून गेलं. शेवटी ती काही म्हणाली का? काहीही, एखादी ओळ, एखादा शब्द? मला ते कळलं नाही तर मी कायम तेच शोधत राहीन. तू जवळ होतीस, तुला माहीत असेल. हे मी गाण्यासाठी विचारत नाही, आईची शपथ.

तुझ्याशिवाय आता मला वडीलधारं कोणी नाही. तुटेल इतकं ताणू नकोस.

तुझा,
धाकटा

१० मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

पत्र पोचलं. शेवटी ती काही म्हणाली नाही. झोपेतच गेली.

तब्येतीला जप.

ताई

१० मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तू आईची काठी मागितली होतीस, ती येणाऱ्या माणसाबरोबर पाठवते. तुझ्या उंचीला थोडी लांब पडेल, खालून कापून घे. मी कामावर जायला लागले. घरी आल्यावर दार उघडलं की आपोआप कान टवकारले जातात, ते अजून थांबत नाही.

तुला एक सांगायचं आहे. तुझ्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत आहे, तरी हे राहू दे. कुणालाही न सांगता मला ते पेलवेना झालंय.

आई गेली त्या दुपारी मी तिचं तोंड पुसत होते. दोन दिवस ती गातही नव्हती, बाहेर गाणं लागलं तरी नाही. ताप होता. बाई गरम पाणी आणायला आत गेल्या होत्या. एकदम तिनं डोळे उघडले, दाराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘धाकटा आला का?’

गाऊन नाही गं मावशी. म्हणाली. चाल नाही, ताल नाही, आपल्या घरातल्या आवाजात, शाळेतून यायला त्याला उशीर झाला की विचारायची ना, अगदी तसं. नऊ महिन्यांत तिच्या तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य. ते माझ्याबद्दल नव्हतं. मी तिथेच होते, माझ्याबद्दल विचारायचं कारणही नव्हतं. तसं मी स्वतःला रोज सांगते.

मी म्हणाले, आला, बाहेर चपला काढतोय. तिनं मान हलवली आणि दाराकडे बघत राहिली. बाई पाणी घेऊन आल्या तेव्हा ती तशीच बघत होती, पण गेली होती.

त्यानं मला पत्र लिहून विचारलं, शेवटी काही म्हणाली का? मी आजच त्याला उत्तर टाकलं, की काही म्हणाली नाही. आईची शपथ घेऊन विचारलं होतं त्यानं. तू म्हणशील, मी दुष्ट आहे. असेन. हे ऐकलं तर तो रडेल, अगदी मनापासून रडेल, तो खोटा नाही. पण रडून झालं की डोळे पुसेल आणि त्याचा तो कागद पुढे ओढेल. वर्षभरात तुझ्या जिन्यातल्या पोरी शाळेला जाताना ‘आला का, आला का’ म्हणत जातील. ते मला सोसायचं नाही.

आणि खरं सांगू, तेवढंच कारण नाही. ती त्याची वाट बघत गेली हे त्याला कळू नये, असं मला वाटतं. त्याला आयुष्यभर शोधू दे. माझ्या मनात ही इतकी जागा त्याच्यासाठी कोरडी पडली आहे, तिचं मी काय करू?

गुडघ्यांना लावायचं मलमही काठीबरोबर ठेवलंय. चोळू नकोस, नुसतं लाव. माझ्यावरची माया आहे तेवढी राहू दे, आणि त्याला काही कळवू नकोस.

तुझी,
थोरली